कोळशाच्या मुलखातील गायिका : हेझल डिकन्स

इतिहासाची साधने कोणती, असे विचारले तर आपण चटकन बखरी, सनदा, ताम्रपट, सरकारी दप्तरे यांची नावे सांगतो. गाण्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. गाणे म्हणजे करमणूक. त्यात रचणाऱ्याची कल्पना आणि गाणाऱ्याचा गळा यांचाच वाटा मोठा. इतिहासाने त्यावर विश्वास ठेवायचा तो किती, असा आपला एक ग्रह असतो. तो अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु जगात अशी पुष्कळ माणसे होऊन गेली, की ज्यांच्यामागे दप्तरात फक्त एक आकडा उरतो. खाणीत इतके मेले, इतके जखमी झाले, इतक्यांना भरपाई मिळाली, बस्स. त्या आकड्यामागचे घर, चूल, कर्ज आणि संताप पाहायला गेलं, की कागद मुका होतो. तिथे मग गाण्याच्या दारी जावे लागते.

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात १९२५ साली जन्मलेल्या आणि २०११ साली निवर्तलेल्या हेझल डिकन्स या गायिकेची ओळख आज करून घ्यायची आहे, ती याच दृष्टीने. त्या ‘ब्लूग्रास’ या प्रकारच्या नामांकित गायिका होत्या, स्वतःची गीते स्वतः रचीत होत्या. एवढ्या दीर्घ आयुष्यात त्यांच्या स्वतंत्र तबकड्या मोजक्याच निघाल्या. पण त्या तबकड्यांत कोळशाच्या मुलखाचा जो इतिहास साठला आहे, तो त्या मुलखाच्या अहवालांत शोधून सापडायचा नाही.

प्रथम हे ‘ब्लूग्रास’ काय प्रकरण आहे ते पाहू. नाव गवताचे आहे. केंटकी राज्यात या जातीचे गवत फार, म्हणून त्या राज्यालाच ‘ब्लूग्रास’ राज्य म्हणतात. तेथल्या बिल मन्रो (१९११-१९९६) या मँडोलिनवादकाने आपल्या वाद्यवृंदाला ‘ब्लू ग्रास बॉइज’ असे नाव दिले, आणि पुढे त्या धर्तीच्या साऱ्या संगीतालाच ते नाव चिकटले. १९३९ साली मन्रो नॅशव्हिलच्या रेडिओ केंद्रावरील ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कार्यक्रमात आले. १९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज हा तीन बोटांनी विलक्षण वेगाने बँजो वाजवणारा तरुण त्यांना येऊन मिळाला, आणि १९४६ साली या मंडळींनी कोलंबिया कंपनीसाठी जी मुद्रणे केली, त्यांतून या संगीताचा साचा पक्का झाला. बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार आणि उभा बास ही त्याची पाच वाद्ये. विजेची जोड असलेले वाद्य त्यात चालत नाही. गायन उंच पट्टीतले, ताणलेले, किंचित नाकातून येणारे. ऐकणाऱ्याला वाटावे, की डोंगराच्या पलीकडून कोणीतरी हाक घालीत आहे.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. ब्लूग्रासला आपण सहज ‘लोकसंगीत’ म्हणून मोकळे होतो. पण त्याचे वय फार नाही. जुनी डोंगरी गीते, चर्चमधील भजने, निग्रो गायकांचे ‘ब्लूज’ ही त्याची मुळे जुनी खरी. परंतु रोप वाढले ते रेडिओच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत. ते पोट भरण्यासाठी गाणाऱ्या व्यावसायिकांचे संगीत होते. आणि ते बव्हंशी पुरुषांचे संगीत होते. मन्रोंच्या वृंदात युद्धकाळात सॅली ॲन फॉरेस्टर नावाची बाई ॲकॉर्डियन वाजवीत असे, हे खरे. पण बाईने पुढे उभे राहून वृंद चालवायचा, आपल्या नावावर तबकडी काढायची, ही कल्पना कोणाच्या डोक्यात नव्हती. ‘बॉइज’ हे नावच पुरेसे बोलके आहे.

आता हेझलच्या घराकडे वळू. वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिण टोकाला मर्सर काउंटी आहे. अकरा भावंडांच्या कुटुंबात हेझलचा जन्म झाला. वडील खाणींना लागणारे लाकूड वाहून नेत. खाणीच्या आत छताला टेकू द्यायला लाकडी खांब लागतात. तेव्हा खाणीत न उतरणाऱ्याचे पोटही खाणीवरच अवलंबून असे. भाऊ वाढले ते खाणीत गेले. रविवारी वडील ‘प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट’ पंथाच्या चर्चमध्ये प्रवचन करीत. या पंथाच्या उपासनेत वाद्याला मज्जाव. एकाने ओळ सांगायची आणि साऱ्या मंडळीने ती संथ, ओढलेल्या सुरात उचलायची. साथीला पेटी नाही, तंबोरा नाही; गळा हेच वाद्य. डिकन्सबाईंच्या पुढच्या गाण्यात जो उघडा, कोणत्याही आधारावाचून उभा राहणारा स्वर ऐकू येतो, त्याचं मूळ या चर्चमध्ये आहे.

दुसरी शाळा होती रेडिओची. नॅशव्हिलचे डब्ल्यू. एस. एम. केंद्र १९३२ पासून पन्नास हजार वॉट शक्तीने बोलू लागले होते आणि रात्री त्याचा आवाज डोंगर ओलांडून दूरवर जात असे. शनिवारी रात्री ‘ऑप्री’ लावायचे, हा त्या मुलखातील कितीतरी घरांचा नेमच होता. वडिलांना बँजोवाला अंकल डेव्ह मेकन आवडे. ज्यांची पहिली मुद्रणे १९२७ साली ब्रिस्टल गावी झाली, त्या कार्टर कुटुंबाची गाणीही घरोघर पोचली होती. अशा रीतीने चर्चचा साधा स्वर आणि रेडिओवरचे गाणे या दोन्ही गोष्टी मुलीच्या कानात एकदमच मुरल्या. शाळा मात्र लौकर सुटली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतरही या डोंगरांतून माणसांचे लोंढे शहरांकडे गेले. खाणीत यंत्रे आली, माणसे कमी लागू लागली. उत्तरेकडच्या आणि समुद्रकाठच्या शहरांत कारखाने होते. डिकन्स कुटुंबातील भावंडे बाल्टिमोर शहरी गेली आणि १९५० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत हेझलही तेथे पोचली. तिने कारखान्यांत काम केले, उपाहारगृहात वाढण्याचे काम केले, दुकानात काम केले. शहरातले लोक या डोंगरी माणसांना ‘हिलबिली’ म्हणून हिणवीत. बोलण्याची ढब, कपडे, गाणे सारेच थट्टेचा विषय. अशी थट्टा झाली, की काही माणसे आपली बोली टाकून देतात, काही ती अधिकच घट्ट धरतात. हेझल दुसऱ्या जातीची निघाली.

या ठिकाणी तिच्या आयुष्यात एक योगायोग घडला. तिचा एक भाऊ बाल्टिमोरजवळच्या क्षयरोग्यांच्या रुग्णालयात होता. त्याच रुग्णालयात माइक सीगर नावाचा तरुण काम करीत होता. सैन्यात शस्त्र धरण्यास सदसद्विवेकबुद्धीने नकार दिल्याबद्दल लष्करी नोकरीऐवजी त्याच्या वाट्याला हे काम आले होते. माइक हा संगीतशास्त्रज्ञ चार्ल्स सीगर यांचा मुलगा आणि प्रसिद्ध गायक पीट सीगर यांचा सावत्र भाऊ. जुन्या डोंगरी संगीताचा त्याला ध्यास. खाटेवरच्या रोग्याशी बोलता बोलता त्याला कळले, की हे सगळे घरच गाणारे आहे. त्यानंतर तो डिकन्सांच्या घरी जाऊ लागला. शिकल्यासवरलेल्या शहरी तरुणाला जे पुस्तकांतून आणि जुन्या तबकड्यांतून वेचावे लागत होते, ते येथे स्वयंपाकघरात रोज ऐकू येत होते. हेझल बासही वाजवू लागली आणि दारूच्या गुत्त्यांतून गाणाऱ्या वृंदांबरोबर उभी राहू लागली. तेथे बाईला काय काय ऐकून घ्यावे लागते, याचा अनुभव तिला तेव्हाच आला. पुढे तो तिच्या गीतांत उतरला.

या घरगुती बैठकांतच तिची गाठ ॲलिस जेरार्डशी पडली. १९३४ साली सिॲटलला जन्मलेली, कॅलिफोर्नियात वाढलेली, ओहायोच्या अँटिऑक कॉलेजात शिकलेली ॲलिस. आणि शाळा अर्धवट टाकलेली, कारखान्यात राबणारी हेझल. दोघींची घरे वेगळी, भाषेची ढब वेगळी. पण सूर जुळले. पुरुष गायकांच्या जोड्या जशा गात, तसेच उंच आणि टणक गायचे, गोडवा घालून ते ‘बायकी’ करायचे नाही, हा दोघींचा बाणा होता.

१९६५ साली फोकवेज कंपनीने या दोघींची पहिली तबकडी काढली. तिचे नाव ‘हूज दॅट नॉकिंग’, म्हणजे ‘दारावर कोण थाप मारीत आहे?’ बँजोवर लमार ग्रिअर, फिडलवर चबी वाइज, मँडोलिनवर तरुण डेव्हिड ग्रिस्मन, अशी साथ होती. चबी वाइज म्हणजे १९४६ च्या मन्रो-वृंदातला फिडलवादक. तेव्हा या तबकडीचा धागा थेट मूळ घराण्याशी जोडला गेला. स्त्रियांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या ब्लूग्रासच्या पहिल्या काही तबकड्यांत हिची गणना होते. त्या वेळी डिकन्सबाईंचं वय चाळीस होतं, हेही ध्यानात ठेवावे. दुसरी तबकडी याच सुमारास मुद्रित झाली, पण बाहेर आली ती १९७३ साली. तिला ज्या गीताचे नाव आहे, ते गीत डिकन्सबाईंचे स्वतःचे असून त्यात त्या बालपणीच्या चर्चची आठवण आहे.

फोकवेज कंपनीविषयी दोन शब्द सांगायला हवेत. मोझेस ॲश यांनी १९४८ साली ती काढली. खपो वा न खपो, एकदा काढलेली तबकडी यादीतून काढायची नाही, हा त्यांचा शिरस्ता. १९८६ साली ते वारले आणि दुसऱ्या वर्षी हा सारा संग्रह वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेकडे गेला. म्हणून तर १९९६ साली या दोघींची ती जुनी मुद्रणे पुन्हा एकत्र प्रसिद्ध होऊ शकली. बाजाराच्या हिशेबाने चालणाऱ्या कंपनीकडे ती असती, तर कधीच अडगळीत गेली असती. इतिहासाची साधने टिकतात ती पुष्कळदा अशा एखाद्या हट्टी माणसामुळे टिकतात.

१९६६ पासून या दोघी दक्षिणेकडील राज्यांत एका फिरत्या संगीत-मंडळीबरोबर जाऊ लागल्या. ॲन रोमेन ही गोरी आणि बर्निस जॉन्सन रेगन ही काळी, अशा दोन स्त्रियांनी हा उपक्रम उभा केला होता. गोरे आणि काळे कलावंत एकाच रंगमंचावर बसवायचे, हा त्यामागचा हेतू. नागरिक-हक्कांच्या चळवळीचे ते दिवस. दक्षिणेत अशी बैठक घालणे सोपे नव्हते. या प्रवासात डिकन्सबाईंना श्रोते मिळाले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्या माणसांचे दुःख हा गाण्याचा विषय होऊ शकतो, याची खात्री मिळाली.

आणि मग १९६८ साल आले.

त्या वर्षी २० नोव्हेंबरला पहाटे वेस्ट व्हर्जिनियातील कॉन्सॉलिडेशन कोल कंपनीच्या नऊ नंबरच्या खाणीत स्फोट झाला. त्या वेळी आत ९९ माणसे होती. २१ बाहेर आली, ७८ गेली. आग विझेना, म्हणून दहा दिवसांनी खाणीची तोंडे बंद करण्यात आली. पुढे खाण पुन्हा उघडून शोध घेतला, तरी १९ जणांचे मृतदेह कधीच हाती लागले नाहीत. याच खाणीत १९५४ साली स्फोट होऊन १६ माणसे मेली होती. असे असूनही, हा धंदाच धोक्याचा आहे, अशा अर्थाची समजूत राज्याच्या गव्हर्नरांनी काढली. आणि खाण कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष टोनी बॉइल यांनी घटनास्थळी येऊन सुरक्षिततेच्या बाबतीत कंपनीची प्रशंसा केली. ज्यांची माणसे आत अडकली होती, त्या बायकांसमोर हे बोलणे झाले.

डिकन्सबाईंनी या स्फोटावर गीत रचले. त्याचे नाव ‘मॅनिंग्टन माइन डिझॅस्टर’. येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक गंमत टिपून ठेवण्यासारखी आहे. सरकारी कागदांत ही दुर्घटना फार्मिंग्टनच्या नावाने नोंदलेली आहे; गीतात मॅनिंग्टन आहे. फार्मिंग्टन आणि मॅनिंग्टन ही खाणीच्या परिसरातली दोन गावे, आणि त्या दिवसांत दोन्ही नावे लोकांच्या तोंडी होती. म्हणजे गीतावरून स्थळाची नोंद करायला कोणी बसला, तर तो घोटाळ्यात पडेल. तारखा आणि आकडे कागदावरूनच घ्यावेत. पण त्या पहाटे खाणीच्या तोंडाशी उभ्या राहिलेल्या माणसांना गव्हर्नरांचे ते बोलणे कसे लागले असेल, हे विचारायचे तर कागद बाजूला सारून तबकडी लावावी लागते. दोन्ही साधने खरी आहेत; त्यांना विचारायचे प्रश्न मात्र वेगळे.

त्याहून जवळचा घाव घरातच पडला. बाईंचा भाऊ थर्मन कोळशाच्या धुळीने झिजून, हलाखीत मेला. वर्षानुवर्षे ही धूळ श्वासाबरोबर आत गेली, की फुफ्फुसात साठते, त्याचा मऊपणा जातो, आणि माणूस चार पायऱ्या चढला तरी धापा टाकू लागतो. वैद्यकात याला न्यूमोकोनिओसिस म्हणतात. कामगारांनी त्याला आपले सरळ नाव दिले: ‘ब्लॅक लंग’, काळे फुफ्फुस. यावर औषध नाही. आणि कित्येक वर्षे हा खाणीमुळे होणारा रोग आहे, हेच कंपन्या मान्य करीत नव्हत्या. कंपनीचे डॉक्टर दम्याचे नाव सांगत.

१९६९ च्या फेब्रुवारीत वेस्ट व्हर्जिनियातील सुमारे चाळीस हजार खाण कामगारांनी या रोगाच्या भरपाईसाठी काम बंद ठेवले, तेही आपल्या संघटनेच्या पुढाऱ्यांना न जुमानता. राज्याला कायदा करावा लागला. त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला अध्यक्ष निक्सन यांनी खाणीतील आरोग्य व सुरक्षिततेच्या नव्या केंद्रीय कायद्यावर सही केली. त्यात खाणीच्या हवेतील धुळीवर मर्यादा आली आणि रोग्यांना भरपाईची सोय झाली. आणि दुसऱ्याच दिवशी, ३१ डिसेंबरला, संघटनेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत बॉइल यांच्याविरुद्ध उभे राहिलेले जॉक याब्लॉन्स्की, त्यांची पत्नी आणि मुलगी यांचा राहत्या घरी खून झाला. पुढे बॉइल हेच या खुनाच्या कटाबद्दल दोषी ठरले.

या सर्व घटना डिकन्सबाईंच्या गीतांत आल्या आहेत. काळ्या फुफ्फुसावरचे ‘ब्लॅक लंग’ हे गीत त्यांनी भावाच्या मरणातून रचले. ते त्या वाद्यांवाचून गात. आयुष्यभर ज्या स्वराने चर्चमध्ये देवाला आळवले, तोच स्वर येथे मरणाशी हुज्जत घालतो. याब्लॉन्स्कींच्या खुनावरचे गीत, खाणीच्या स्फोटावरचे गीत आणि हे गीत, अशी तिन्ही १९७३ साली राउंडर कंपनीने काढलेल्या ‘कम ऑल यू कोल मायनर्स’ या तबकडीत एकत्र आली. त्या तबकडीत डिकन्सबाईंबरोबर निम्रॉड वर्कमन हे जुने खाणकामगार आणि सारा गनिंग या वृद्ध गायिका आहेत.

सारा गनिंग यांचे नाव मुद्दाम घेतले. केंटकीतील खाणींत १९३० नंतर जे उग्र संप झाले, त्यांतून काही बायका गाणे घेऊन पुढे आल्या होत्या. आंट मॉली जॅक्सन, त्यांची सावत्र बहीण सारा गनिंग, आणि हार्लन काउंटीतील फ्लॉरेन्स रीस या त्यांतल्या ठळक. नवरा संपावर, घरात पीठ नाही, दारात कंपनीचे पहारेकरी, आणि बाई जुन्या भजनाच्या चालीवर नवे शब्द बसवते आहे! आपल्याकडच्या बाईने जात्यावर बसून जे केले, तेच हे. फक्त येथे ओवीचा रोख कंपनीच्या मालकावर आहे. ही परंपरा बायकांची होती, पण ती घरात आणि सभेत राहिली. तिकडे ब्लूग्रास हे रेडिओवरचे, धंद्याचे, पुरुषांचे संगीत. हे दोन प्रवाह जवळच्याच डोंगरांतून निघून वेगवेगळे वाहत होते. डिकन्सबाईंनी ते एकत्र आणले. त्यांच्या कामगिरीचे मर्म, माझ्या मते, येथे आहे. खाणीतल्या बाईची तक्रार त्यांनी बँजो-फिडलच्या वेगवान वृंदाला म्हणायला लावली, आणि ‘बॉइज’च्या संगीतात बाईला आपल्या तोंडाने बोलायला लावलं.

१९७३ सालची ‘हेझल अँड ॲलिस’ ही राउंडरची तबकडी या दृष्टीने ऐकण्यासारखी आहे. तीत पुरुषांनी ज्या बाईला बिघडवले, त्याच बाईला पुन्हा नावे ठेवणाऱ्या पुरुषांना सरळ जाब विचारणारे गीत आहे. गुत्त्यांतून गाताना जे पाहिले, त्यातून ते आले. तीतच ‘प्रिटी बर्ड’ हे एकट्या गळ्याने गायिलेले गीतही आहे. या तबकडीने पुढच्या कितीतरी गायिकांना धीर दिला. नेओमी आणि वायनोना जड या मायलेकींनी दोघींनी मिळून गाण्याचे वळण येथून घेतले. कार्टर कुटुंबाचे ‘हॅलो स्ट्रेंजर’ हे गीत एमिलू हॅरिस यांनी १९७७ साली गायिले, तेही या दोघींच्या गायकीच्या मागोमाग. १९७६ साली दुसरी तबकडी आली आणि त्याच वर्षी ही जोडी फुटली. नंतर कधी कधी त्या एकत्र गात. पण डिकन्सबाईंचा पुढचा मार्ग एकटीचा होता.

त्याच वर्षी बार्बरा कॉपल यांचा ‘हार्लन काउंटी यू. एस. ए.’ हा बोलपट निघाला. केंटकीतील ब्रुकसाइड खाणीच्या १९७३-७४ च्या संपाचे ते प्रत्यक्ष चित्रण आहे. संपकऱ्यांच्या बायका पहाटे रस्ता अडवून बसतात, गोळ्या झाडल्या जातात, एक तरुण कामगार मरतो, तेव्हा कोठे करार होतो. या चित्रणाला डिकन्सबाईंच्या गीतांची जोड आहे, आणि शेवटी येते ते त्यांचे, आम्ही दबणार नाही असे बजावणारे गीत. वृद्ध फ्लॉरेन्स रीसही या बोलपटात सभेपुढे गाताना दिसतात. म्हणजे १९३१ सालचा आणि १९७४ सालचा आवाज एकाच पडद्यावर भेटतात. या बोलपटाला उत्कृष्ट अनुबोधपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले, आणि ज्या लोकांनी ब्लूग्रासचे नावही ऐकले नव्हते, त्यांच्या कानी हा आवाज गेला. पुढे १९८७ साली जॉन सेल्स यांनी वेस्ट व्हर्जिनियातील १९२० सालच्या खाणसंघर्षावर ‘मेटवान’ हा बोलपट काढला. त्यातही डिकन्सबाई गायिल्या आहेत.

त्यांची पहिली स्वतंत्र तबकडी १९८० च्या सुमारास आली, म्हणजे पंचावन्नाव्या वर्षी! १९८३ साली ‘बाय द स्वेट ऑफ माय ब्राउ’ आली. दशकाच्या उत्तरार्धात तिसरी आली. तिच्या नावाचा भावार्थ असा, की गाणारी कोणती आणि गाणे कोणते हे ओळखणे कठीण. यापेक्षा नेमके वर्णन दुसऱ्या कोणाला करता आले नसते. या तबकड्यांत सगळीच गाणी खाणीची नाहीत. सोडून आलेले घर, आईचा सुटलेला हात, पगारावर न भागणारा महिना, उतरत्या वयाची चाहूल, असे विषय पुष्कळ आहेत. आईच्या हातावरचे ‘मामाज हँड’ हे गीत लिन मॉरिस यांच्या वृंदाने गायिले आणि आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संघटनेने १९९६ सालचे उत्कृष्ट गीत म्हणून त्याचा गौरव केला.

मानसन्मान उशिरा आले, पण आले. २००१ साली अमेरिकेचा पारंपरिक कलावंतांसाठीचा राष्ट्रीय वारसा-सन्मान मिळाला. त्याच वर्षी केंटकीतील ॲपलशॉप या संस्थेच्या मिमी पिकरिंग यांनी त्यांच्यावर अनुबोधपट काढला. २००८ साली इतिहासकार बिल मलोन यांच्या सहकार्याने त्यांच्या जीवनाचे आणि गीतांचे पुस्तक निघाले. त्यात प्रत्येक गीत कसे सुचले, हे त्या स्वतः सांगतात. २२ एप्रिल २०११ रोजी वॉशिंग्टन येथे त्या वारल्या. २०१७ साली ब्लूग्रास संघटनेच्या मानकऱ्यांच्या यादीत त्यांची आणि ॲलिस जेरार्ड यांची नावे एकदमच घालण्यात आली, आणि १९६५ ते १९६९ या काळातील दोघींच्या घरगुती मुद्रणांची तबकडी २०१८ साली प्रसिद्ध झाली.

आता त्यांच्या आवाजाविषयी सांगितलेच पाहिजे. तुम्ही तो प्रथम ऐकाल, तर कदाचित कानाला लागेल. तो गोड नाही. धार आहे, थोडा कर्कशही आहे. सूर पुढे फेकल्यासारखा येतो आणि ओळीच्या शेवटी तुटल्यासारखा थांबतो. शिकवलेल्या गळ्याची सफाई तेथे शोधू नये. पण चार ओळी ऐकल्या, की ही बाई आपल्याला रिझवायला उभी नाही, काहीतरी सांगायला उभी आहे, हे कळतं. कोर्टात शपथेवर बोलणारा माणूस जसा शब्द जपून आणि ठाम टाकतो, तसा तो स्वर आहे. वृंदातले वादक कितीही चपळ असोत, ते त्या स्वराला झाकू शकत नाहीत.

कोणी म्हणेल, हा सारा जुना इतिहास झाला. कायदे झाले, धूळ मोजली जाऊ लागली, आता त्या गाण्यांचे काय? दुर्दैवाने तसे झालेले नाही. १९६९ च्या कायद्यानंतर काळ्या फुफ्फुसाचे प्रमाण बरीच वर्षे उतरत गेले, हे खरे. पण नव्या शतकात ते पुन्हा चढले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले, की केंटकी, व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनिया या भागांत पंचवीस किंवा अधिक वर्षे खाणीत काढलेल्या दर पाच कामगारांमागे एकाच्या फुफ्फुसात या रोगाची चिन्हे आहेत. कोळशाचे थर पातळ होत गेले, यंत्रे आजूबाजूचा दगडही कापू लागली, आणि त्या दगडाची धूळ कोळशाच्या धुळीपेक्षाही घातक निघाली. थर्मन डिकन्सच्या मरणावरचे गीत त्याच्या नातवाच्या वयाच्या माणसांनाही अजून लागू पडते, ही गोष्ट गीताच्या गौरवाची असली, तरी जगाच्या गौरवाची नाही.

वाचकहो, एखाद्या देशाचा इतिहास लिहिताना आपण त्याचे अध्यक्ष, लढाया आणि कायदे यांच्या याद्या करतो; त्या कराव्यातच. १९६९ चा कायदा कोणाच्या सहीने झाला, हे दप्तर सांगेल. तो व्हावा म्हणून कोणाचा भाऊ धाप लागून मेला, आणि त्याच्या बहिणीने ते कोणत्या स्वरात सांगितले, हे एका तबकडीवर आहे. अभ्यासकाच्या टेबलावर दप्तराशेजारी त्या तबकडीलाही जागा असावी, एवढेच सांगून हे भाषण पुरे करतो.